गप बस, आत्ता येते

आमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं एक भांडण आहे, आणि ते माझ्या जेवणावरून आहे. मी ताटावर बसले की बाकीच्यांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत माझी निम्मी भाकरी संपलेली असते. आमचे मालक म्हणतात, "अगं, मागं कुत्रं लागलंय का?" वर आणखी एक खोड. जेवण संपलं की चतकोर भाकरी माझा हात आपोआप पदराआड सरकवतो. पन्नाशी उलटली, घरात ज्वारीची पोती आहेत, पोरगा पुण्यात नोकरीला लागला, माझ्या ब्लाउजच्या शिलाईवर घरखर्च आरामात निघतो, तरी तो चतकोर काही सुटत नाही. संध्याकाळी मशीनच्या खणात, कधी पिशवीत, कधी उशीखाली सापडतो, आणि मग मालक तो उचलून सगळ्यांना दाखवत फिरतात.

याचं मूळ मला माहीत आहे. माझं निम्मं लहानपण ऊसतोडीच्या फडात गेलं. दसरा-दिवाळी उरकली की आमच्या केज भागातली निम्मी गावं ट्रॅक्टर-ट्रकात बसून कारखान्यांकडं जातात आणि ऊन तापायला लागलं की परत येतात. आई-बाप अंधारात कोयता घेऊन ऊस तोडायला जायचे, आम्ही लेकरं पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. दुपारची भाकरी कधी यायची, कधी नाही. तेव्हापासून मी आज मिळाली ती उद्यासाठी ठेवायला शिकले. मला शाळेतलं बरंचसं विसरायला झालंय, पण हे विसरता येत नाही.

तर, ही गोष्ट माझी नाही, माझ्या भाचीची आहे. धाकट्या भावाची मुलगी, चार वर्षांची. भाऊ आणि भावजय दोघं दर वर्षी तोडीला जातात, आणि आमची आई वारल्यापासून गावात लेकरू ठेवायला कुणी नाही. त्यामुळं ही पोरगी जन्मल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात फडातच. गेल्या दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरायला लागले तशी मी भावाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "यंदा लेकरू माझ्याकडं ऱ्हाईल."

भाऊ बोचकी बांधत राहिला. भावजय मात्र सरळ म्हणाली, "आक्का, लेकरू माझ्याबिगर कधी ऱ्हायलं न्हाई."

"मग आता ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षी बी नेशील, त्याच्या पुढच्या बी नेशील, मग शाळेचं वय निघून जाईल, मग कोपीवर धाकटं सांभाळायला हीच. मला काय सांगतीस, मी त्याच वाटंनं गेलीय."

भावजयीनं हातातलं बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "ठीक हाय. पर मी संक्रांतीला येते. तवर तिचं मन रमलं नसलं तर घेऊन जाते. मग तुमी मधी एक शब्द बोलायचा न्हाई."

मी म्हणाले, बोलणार नाही. मी बोलणार नाही या वाक्यावर मालक त्या दिवसापासून हसतायत.

पोरगी आली ती एका गाठोड्यासकट. दोन फ्रॉक, एक स्वेटर, एक कानतुटका स्टीलचा पेला, आणि हे सगळं आईच्या जुन्या हिरव्या साडीच्या पट्टीनं बांधलेलं. पट्टी चांगली चार हात लांब, दोन्ही टोकांना मळलेली. मी शिवणकाम करणारी बाई, कापड दिसलं की हात जातो. म्हणलं, याचं काहीतरी करू. पोरीनं ती पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवली. 

पहिले दिवस तर सुखाचेच म्हणायचे. हट्ट नाही, रडणं नाही, हे दे ते दे नाही. सांगितलं तिथं बसायची, वाढलं तेवढं खायची. एकदा ओट्यावरून दगडावर पडली, गुडघ्याला रक्त आलं. तिनं गुडघा बघितला, फ्रॉकनं पुसला आणि चालायला लागली. शेजारीण कपाळाला हात लावून म्हणाली, "काय गुणाची पोरगी हो आत्या. आमचं नातवंड बघा, माशी बसली तरी गाव गोळा करतंय." मी फुगले. दळणाला गेले तरी तेच सांगायची, आमच्या भाचीचा आवाज म्हणून येत नाही. निम्मं गाव मला म्हणायला लागलं, नशीबवान आहेस, असं शहाणं लेकरू सांभाळायला मिळालं.

एकटे मालक खूश नव्हते. ते शेळ्या राखतात, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. एका संध्याकाळी दूध काढता काढता म्हणाले, "कळपातलं जे करडू ओरडत न्हाई ना, त्याला मी आधी उचलून बघतो."

"लेकरू काय करडू हाय का?" मी म्हणाले.

"न्हाई. पर ओरडाया तर पायजे."

मी त्यांना नेहमीसारखं गप्प बसवलं. एवढ्या वर्षांत ती एक विद्या मला चांगली साधली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. शेळ्या रानातून आल्या, मालक एकेकीला खुंट्याला बांधत होते. शेवटचा खुंटा रिकामा होता, कारण ती शेळी विकली होती. पोरगी आतून आली, खिशातली हिरवी पट्टी काढली, त्या खुंट्याशी बसली आणि पाय पुढं केला. मालक हसले, "ये बाहेर, बघ, नवी शेळी आली." मी हात पुसत आले आणि मीपण हसले. मला वाटलं, खेळतेय. म्हणलं, चला, खेळायला तरी लागली.

ती हसत नव्हती. आम्ही दोघं हसतोय हे ती बघत होती आणि पाय तसाच पुढं. आम्ही काही करत नाही म्हटल्यावर तिनं पट्टीचं एक टोक स्वतःच घोट्याला गुंडाळलं आणि दुसरं टोक माझ्याकडं धरलं. तेव्हा माझं हसू गेलं. पट्टीची टोकं का मळली होती ते मला त्या क्षणी कळलं.

मी भावजयीला फोन लावला आणि पट्टीचं विचारलं.  ती म्हणाली, "आक्का, कोपीच्या मागं कॅनॉल हाय. उसाचे ट्रॅक्टर दिवसभर येजा करत्यात. आमी दोघं फडात. बांधल्याबिगर काय करू सांगा की. मी बांधते अन् म्हणते, गप बस, आत्ता येते. पयल्यांदा लई रडायची. मग शहाणी झाली."

 मलापण आमच्या आईनं बांधलं असणार. कुणाच्या आईला हौस असते? पण तो "शहाणी झाली" शब्द माझ्या मनातून जाईना. हाच शब्द मी दळणाच्या रांगेत मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन केजला गेले, लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडं. तरुण बाई, बोलायला मोकळी. त्यांनी पोरीचे कान तपासले, डोळे तपासले, तिच्याशी ठोकळ्यांनी खेळल्या, मला खूप काही विचारलं. मग म्हणाल्या, "आत्या, ठोकळे कसे लावले बघितलंत ना? डोक्यानं चांगली हुशार आहे. पण लहान लेकराचा मेंदू पहिल्या वर्षांत वाटा पाडत असतो. ज्या वाटेनं रोज जाणंयेणं होतं ती रुळते, जिकडं कुणी जात नाही तिथं गवत माजतं. हिनं रडून बघितलं, कुणी आलं नाही. आईला यायचं होतं, पण ती फडात होती. मग हिच्या मेंदूनं रडायची वाट सोडून दिली. मागायची, हात वर करून 'घे' म्हणायची, ती पण."

मी विचारलं, "मग आता न्हाई का पडत वाट?"

"पडते की. अजून लई लहान आहे. पण रोज चालावं लागेल."

"औषध?"

"औषध तुम्हीच. ती बोलवेल तेव्हा जायचं. बोलवत नाही तोवर न बोलवता जायचं. आणि येते म्हणालात की यायचंच."

परत येताना जीपमध्ये मी विचार करत होते. पट्टी हिसकावून जाळावी असं आधी वाटलं होतं, माझा स्वभावच तसा आहे. पण संध्याकाळ झाली आणि पोरगी पुन्हा खुंट्याशी जाऊन बसली. तिला बांधून घेतल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नव्हता. तेव्हा मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले, पट्टीचं टोक घेतलं आणि माझ्या कमरेला बांधलं. म्हणाले, "बांधायचंच तर मला बांध. आता तू तिथं मी."

पोरीनं माझ्या कमरेची गाठ ओढून बघितली. मग उठली. मग मलाही उठावं लागलं.

पुढं काय तमाशा झाला तो सांगायची सोय नाही. मी मशीनवर बसले की ती पायडलजवळ. मी उठले की ती उठायची, ती उठली की मी ओढली जायचे. नळावर पाणी भरायला दोघी, किराण्याला दोघी. दुकानदार म्हणाला, "आत्या, म्हातारपणी दावं लागलं की तुमाला." बालवाडीतही मी गेले, कारण ती एकटी बसेना. बारक्या लेकरांच्या रांगेत गुडघे कानाला लावून बसले, "चिऊताई चिऊताई" केलं, खिचडी खाल्ली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "हजेरीत तुमचं नाव टाकू का?" मालक तर शेळ्या घेऊन जाताना रोज विचारायचे, दोघींना चारा किती ठेवू.

कधी गाठ सोडून, येते म्हणून कुठं गेले तर येण्याचं मात्र मी देवाचं नाव घेतल्यासारखं पाळलं. "आत्ता येते" म्हणून एकदा दुधावरनं उठून तिच्याकडं गेले, दूध उतू गेलं. जाऊ दे म्हणलं. एरवी दूध उतू गेलं तर मी घर डोक्यावर घेणारी बाई.

हळूहळू पट्टी अपुरी पडायला लागली, म्हणून मी तिला ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचा एक तुकडा जोडला. मग आणखी एक. जांभळा, लाल, बुट्ट्यांचा, ज्याचा राहील त्याचा. पट्टी लांबत गेली तशी पोरगी लांब जायला लागली. आधी दारापर्यंत, मग ओट्याच्या पायरीपर्यंत. एक दिवस तिनं घोट्याची गाठ सोडली, ते टोक माझ्या हातात दिलं आणि शेळ्यांच्या गोठ्याकडं पळाली. मी ते टोक हातात धरून तशीच उभी. थोड्या वेळानं ती आली, टोक घेतलं, परत माझ्या हातात दिलं, पुन्हा पळाली. त्या दिवशी माझी दोन गिऱ्हाइकं ब्लाउजसाठी थांबली होती, त्यांनाही मी बघायला लावलं.

तिच्या उशीखाली भाकरीचे तुकडे सापडायचे. मी रागावले नाही, मला कुठला अधिकार? एक डबा घेतला, त्यात तिचे तुकडे ठेवले आणि माझाही चतकोर ठेवला. रोज सकाळी दोघी मिळून डबा उघडायचो, भाकरी आहे का बघायचो, आणि शेळ्यांना घालायचो. मालक म्हणाले, "घरात उंदरं झाल्यात. एक मोठं, एक बारकं."

पण रडणं नाही ते नाही. आणि हात वर करून "घे" म्हणणंही नाही. पडली तर उठायची, लागलं तर पुसायची. मी धावत जायचे, उचलायचे, तर अंग ताठ करायची. संक्रांत जवळ आली तशी मी दिवस मोजायला लागले. भावजय येणार, ही तिच्याकडं बघत उभी राहणार, आणि तिला वाटणार की पोरगी इथं रमली नाही.

झालंही तसंच. फाट्यावर जीप थांबली, भावजय उतरली, उन्हानं काळी पडलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. तिनं अंगणात गुडघ्यावर बसून हात पसरले. पोरगी माझ्या मागं उभी राहून बघत राहिली. भावजयीनं हात तसेच धरले, मग खाली घेतले. मला तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोरीवरचे फ्रॉक काढून पिशवीत भरायला घेतले. म्हणाली, "मला ओळखत बी न्हाई. ना हसती, ना रडती. तिचं मन लागलेलं न्हाई, आक्का. घेऊन जाते. बोलायचं न्हाई असं ठरलंय."

मी बोलले नाही. पण भांडी अशी घासली की मालक गोठ्यातून बघायला आले. सांगायचं होतं खूप, डॉक्टरीणबाईंचं, वाटांचं, डब्यातल्या भाकरीचं.

भावजय ओट्याच्या कडेला चहा घेऊन बसली, पिशवी शेजारी. जीपला अजून वेळ होता. तेवढ्यात पोरगी आली, हातात पट्टी. हिरवी, जांभळी, लाल, सगळी लांबलचक. ती आईच्या पायाशी बसली आणि पट्टी आईच्या घोट्याला गुंडाळायला लागली. जीभ बाहेर काढून, नीट, माझ्यासारखी दुहेरी गाठ मारली. दुसरं टोक त्या रिकाम्या खुंट्याला बांधलं. आम्ही सगळे बघतोय. मग उभी राहिली, आईच्या गालाला हात लावला आणि म्हणाली,

"गप बस हां. मी आत्ता येते."

आणि गोठ्यामागं पळून गेली.

भावजय हसली. "बघा की, आईलाच बांधलं." उठायला गेली तर पट्टी ताणली, परत बसली. पोरीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. चहा निवत चालला. ती एकदा घोट्याकडं बघायची, एकदा गोठ्याच्या कोपऱ्याकडं. हसणं कधी थांबलं ते तिचं तिलाही कळलं नसेल.

"किती येळ लागंल हो तिला?" तिनं मला विचारलं.

"मला बोलायचं न्हाई," मी म्हणाले.

मालक गाठ सोडायला पुढं झाले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दाजी. तिला येऊ द्या." आणि पदर तोंडाला लावून तशीच बसून राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला विचारायची गरज नव्हती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

पोरगी आली ती फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन. गोठ्यामागच्या बोरीची, निम्मी हिरवी. आईच्या मांडीवर ओतली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आले की. मी येतेच." मग खाली बसून दातांनी गाठ सोडवायला लागली. भावजयीनं तिला उचलून छातीशी धरलं आणि असा हंबरडा फोडला की शेजारीण भिंतीवरून डोकावली. पोरगी आईच्या पाठीवर थापटत होती.

रडून झाल्यावर भावजय उठली, पिशवीतले फ्रॉक काढून एकेक परत दोरीवर टाकले. म्हणाली, "तिकडं नेली तर बांधावंच लागंल, आक्का. माझ्यानं आता न्हाई व्हायचं." मग नाक पुसून म्हणाली, "आता बोला, काय बोलायचं ते." तर मला एक शब्द सुचला नाही. मालकांच्या म्हणण्याप्रमाणं लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

आम्ही तिघंही तिला सोडायला फाट्यावर गेलो. भावजय जीपमध्ये बसली, खिडकीतून हात काढून पोरीच्या तोंडावरून फिरवला. "आत्ता" म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "पाडव्याला येते. पाडवा लांब हाय, पर येते." ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

पोरगी जीपकडं बघत उभी होती. तिचं तोंड उघडलं, पण आधी आवाजच आला नाही. मला वाटलं, उचकी लागली. आणि मग ती रडायला लागली. साधं रडणं नाही, चार हिवाळ्यांचं साठलेलं. फाट्यावरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली, दोन म्हशी बुजल्या. ड्रायव्हर ब्रेक मारून मागं लटकलेल्या क्लीनर पोऱ्याला म्हणाला, "थांब रे, लेकरू लई रडायलंय." भावजय अर्धी खिडकीबाहेर आली. मी ओरडले, "जा तू. रडू दे तिला. चांगलं रडायली." माझ्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि मी हसत होते, त्यामुळं जीपमधल्या लोकांनी मला वेडीच ठरवलं असणार. भावजयीला मात्र कळलं. तीही हसत, रडत, हात हलवत गेली.

धुरळा बसला तशी पोरगी वळली. माझ्याकडं आली आणि दोन्ही हात वर केले. "आत्या, घे."

माझे गुडघे गेलेले आहेत, कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा आहे, जड उचलू नका असं सांगितलेलं आहे. मालक मागून म्हणाले, "हळू, कंबर जाईल." जाऊ दे म्हणलं, आणि घेतली. घर येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर मोठ्यानं रडत होती, आणि मी मुद्दाम लांबच्या गल्लीनं गेले, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जावं.